जुने दुखणे आणि नवा मुलूख

ओरगडम हे नाव महाराष्ट्रात फार थोड्यांच्या कानी आले असेल. पण तेथे तयार झालेली वाहने महाराष्ट्राच्या रस्त्यांवरून रोज धावत असतात. चेन्नईच्या नैर्ऋत्येस, कांचीपुरम जिल्ह्यात, वंडलूर-वालाजाबाद आणि सिंगपेरुमाळ कोविल-श्रीपेरुंबुदूर हे दोन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, तेथे हे गाव वसलेले आहे. पावसाचे पाणी अडवून भातशेतीला पुरविणारी जुनी तळी या भागात जागोजाग आढळतात. तमिळ लोक त्यांना एरी म्हणतात. रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून वैष्णवांना पूज्य असलेले श्रीपेरुंबुदूर येथून जवळच आहे. अशा या टापूत तमिळनाडू शासनाच्या औद्योगिक महामंडळाने, म्हणजे सर्वतोमुखी असलेल्या सिपकॉटने, कारखान्यांसाठी जमिनी आखून दिल्या आणि थोड्याच वर्षांत गावाचे रूप पालटले. २०१० साली रेनो व निसान यांचा सामाईक मोटार-कारखाना येथे सुरू झाला. २०२५ साली निसानचा हिस्सा घेऊन रेनोने तो संपूर्णपणे आपल्या मालकीचा केला. २०१२ साली डेमलर या जर्मन कंपनीने मालमोटारींचा कारखाना उघडला आणि २०१३ साली रॉयल एन्फील्डच्या मोटारसायकली येथून बाहेर पडू लागल्या. टायर, अवजड यंत्रे आणि सुटे भाग बनविणाऱ्यांनी मग त्यांच्याभोवती आपली बिऱ्हाडे थाटली.

कारखाना आला की त्याच्यामागोमाग माणसे येतात. ओरगडमला फ्रेंच, जर्मन, जपानी आणि कोरियन तंत्रज्ञ आले. तसाच पिंपरी, चाकण, वाळूज किंवा नाशिक येथे मोटारधंद्यात हात बसलेला मराठी अभियंताही आला. यांपैकी कोणी तीन वर्षांच्या करारावर आलेला असतो, कोणी बदलीवर, कोणी अधिक पगाराच्या आशेने. प्रत्येकाच्या सामानाची यादी होते, नेमणुकीचे पत्र तपासले जाते, परदेशी माणसाचे पारपत्र पाहिले जाते. मात्र प्रत्येकाबरोबर आणखी एक सामान येते, आणि त्याची नोंद कोणत्याही नाक्यावर होत नाही. ते म्हणजे शरीरात आधीच घर करून बसलेले दुखणे : मधुमेह, रक्तदाब, दमा, पूर्वी कधीतरी हृदयाच्या रक्तवाहिनीत बसविलेली नळी, किंवा बरा झाला म्हणून विसरला गेलेला कर्करोग.

हे सामान विरळा कोणाजवळ असते, असेही नाही. चेन्नईच्याच मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आश्रयाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. भारतातील प्रौढांपैकी सुमारे ११.४ टक्के लोकांना मधुमेह आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब असल्याचे तिच्यात दिसून आले. म्हणजे तीन प्रौढ माणसे एका बाकावर बसली, तर त्यांतील एक जण सरासरीने विम्याच्या भाषेत पूर्वव्याधिग्रस्त ठरावा. आजारी माणूस हा अपवाद आणि निरोगी माणूस हा नियम, ही समजूत निदान चाळिशीच्या पुढे तरी टिकत नाही.

विम्याचा कारभार मात्र त्याच समजुतीवर उभारलेला आहे, आणि त्याला कारणही आहे. विमा हा अनिश्चिततेचा सौदा होय. हजार घरांपैकी कोणते एक घर पेटेल हे ठाऊक नसते, म्हणूनच हजार घरवाले थोडे थोडे पैसे एकत्र टाकण्यास राजी होतात. एखाद्याने घराला आग लागल्यावर विमा उतरवावयास यावे आणि त्याला तो मिळावा, असा नियम केला, तर आग लागेपर्यंत हप्ता भरण्याइतका भोळा माणूस कोण सापडेल? सारेच थांबतील, जमा होणारा निधी आटेल, हप्ते वाढतील, हप्ते वाढले की उरलेसुरले निरोगी लोकही बाहेर पडतील आणि शेवटी केवळ आजारी माणसांची मंडळी मागे राहील. ही भीती काल्पनिक नाही. म्हणून आधीपासून असलेल्या आजाराला काही काळ विम्याबाहेर ठेवण्याची युक्ती कंपन्यांनी काढली. मनुष्य मात्र घरासारखा एकदम पेटत नाही. त्याचा मधुमेह वीस वर्षे धुमसत राहतो, आणि त्या वीस वर्षांत तो नोकरी करतो, मुले वाढवितो, बदलीवर जातो. विम्याचे गणित आणि माणसाचे आयुष्य यांचा मेळ बसत नाही तो नेमका येथे.

भारतात सर्वसामान्य माणसाला रुग्णालयाच्या खर्चाचा विमा मिळू लागला तो १९८६ साली, सरकारी मालकीच्या चार साधारण विमा कंपन्यांनी मेडिक्लेम ही पॉलिसी काढली तेव्हा. त्यानंतर खाजगी कंपन्या आल्या, पॉलिसींचे प्रकार वाढले, आणि पूर्वव्याधी कशाला म्हणावे यावरून तंट्यांचा सुकाळ झाला. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२४ पासून अमलात आणलेल्या नियमांनी या शब्दाला बरीच नेमकी चौकट घातली आहे. पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत वैद्याने ज्या व्याधीचे निदान केले असेल, किंवा जिच्यासाठी सल्ला वा उपचार सुचविले अथवा घेतले गेले असतील, ती पूर्वव्याधी. अशा व्याधीसाठी कंपनीला विमेदारास जास्तीत जास्त ३६ महिने ताटकळत ठेवता येते. पूर्वी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. याशिवाय दुसरा एक दिलासा त्याच नियमांत आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, की त्यानंतर ‘तुम्ही अमुक गोष्ट सांगितली नव्हती’ या सबबीवर कंपनीला दावा नाकारता येत नाही. केवळ फसवणूक सिद्ध झाली तरच तो नाकारता येतो. ही मुदतही आधी आठ वर्षांची होती.

आता ओरगडमच्या परदेशी तंत्रज्ञाच्या दृष्टीने या आकड्यांकडे पाहावे. त्याचा करार बहुधा दोन-तीन वर्षांचा असतो. समजा, त्याला रक्तदाबाचा विकार आहे आणि भारतात आल्यावर त्याने एखाद्या भारतीय कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेतली. तीन वर्षे तो इमानाने हप्ते भरील. त्या तीन वर्षांत रक्तदाबापोटी रुग्णालयात जाण्याचा प्रसंग आला, तर खर्च त्याच्या खिशातून जाईल. आणि छत्तिसावा महिना संपून पॉलिसीचे दार उघडते न उघडते तोच त्याच्या परतीच्या विमानाचे तिकीट निघालेले असेल. नियमात अन्याय करण्याचा हेतू नाही. तो कायम वस्तीच्या माणसासाठी केलेला आहे, एवढेच. फिरस्त्या माणसाला तो मापाने बसत नाही.

तेव्हा परदेशी माणसाला आधार हवा तो दुसरीकडून. तो कोठून येतो, हे त्याच्या मायदेशावर अवलंबून असते. आणि एकाच कारखान्यात, एकाच मेजावर जेवणाऱ्या तिघांची स्थिती त्यामुळे तीन तऱ्हांची होते.

जर्मनीतील सार्वजनिक आजारपण-निधीचा सभासद असलेला कामगार मालकाने परदेशी पाठविला आणि तेथे आजारी पडला, तर त्याच्या उपचाराची जबाबदारी तेथील कायद्याने मालकावर टाकली आहे. मालकाने आधी खर्च करावयाचा आणि मग निधीकडून तो वसूल करावयाचा; मात्र हाच उपचार जर्मनीत झाला असता तर जेवढा खर्च आला असता, तेवढ्याच मर्यादेपर्यंत. आजार जुना की नवा, हा प्रश्न त्यात उद्भवत नाही. ज्या जर्मनांनी सार्वजनिक निधीऐवजी खाजगी विमा घेतलेला असतो, त्यांची चिंता निराळी असते. परदेशी जाताना त्यांनी तो विमा मोडला, तर परत आल्यावर नव्याने आरोग्यतपासणी होते आणि वाढलेल्या वयाला व जडलेल्या आजाराला अनुसरून हप्ता चढतो. त्यासाठी तेथे एक मोठी शहाणपणाची सोय आहे : अल्पसा हप्ता भरून आपली जागा राखून ठेवता येते. आपल्याकडे वतनदार गाव सोडून गेला तरी त्याचे वतन राहत असे, तसाच काहीसा हा प्रकार.

जपानी तंत्रज्ञ आपल्या मूळ कंपनीचा नोकर म्हणूनच येथे पाठविला गेला असेल, तर त्याचा जपानमधील आरोग्यविमा चालू राहतो. ओरगडमला औषधोपचार झाल्यास त्याने आधी पैसे भरावयाचे, डॉक्टरचे प्रमाणपत्र आणि तपशीलवार पावती घ्यावयाची, त्यांचे जपानीत भाषांतर जोडावयाचे, आणि दोन वर्षांच्या आत दावा पाठवावयाचा. जपानमध्ये त्या उपचाराचा ठरलेला दर आणि येथे झालेला खर्च यांत जो कमी असेल तो धरून, रुग्णाचा नेहमीचा वाटा वजा जाता बाकी रक्कम परत मिळते. या योजनेत जुन्या दुखण्याला मज्जाव नाही. उलट, परदेशगमनासाठी कंपन्या जो खाजगी विमा घेऊन देतात, त्यात जुने दुखणे सामान्यतः वगळलेले असते. ज्या साध्या, सरकारी आणि कागदपत्रांनी लडबडलेल्या मार्गाकडे तरुण अधिकारी दुर्लक्ष करतात, तोच मार्ग रक्तदाबाच्या रुग्णाच्या कामी येतो.

कोरियन माणसाची अवस्था या दोघांहून अवघड. त्याच्या देशाचा राष्ट्रीय आरोग्यविमा उत्तम समजला जातो. परंतु विमेदार देशाबाहेर असेपर्यंत त्याचे लाभ थांबतात. त्याला सर्वस्वी मालकाने करून दिलेल्या व्यवस्थेवर विसंबून राहावे लागते. भारताचे या देशांशी सामाजिक सुरक्षेचे करार आहेत हे खरे. कोरियाशी झालेला करार २०११ पासून, जपानशी झालेला २०१६ पासून आणि जर्मनीशी झालेला व्यापक करार २०१७ पासून अमलात आहे. परंतु त्यांचा विषय निवृत्तिवेतन आणि त्यासाठी दोन्हीकडे भरावी लागणारी वर्गणी हा आहे. रुग्णालयाच्या बिलाशी त्यांचा संबंध नाही. ‘सामाजिक सुरक्षा’ हे भारदस्त शब्द वाचून पुष्कळांची दिशाभूल होते, ती अशी.

भारतातच एक विमा असा आहे, की जो माणसाला त्याचे जुने दुखणे विचारीत नाही. आणि त्याची कथा मराठी श्रोत्यांना विशेष जवळची वाटावी. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. आडारकरांनी १९४४ च्या ऑगस्टमध्ये अहवाल सादर केला, आणि त्याच पायावर १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपुरात पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचा आरंभ झाला. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. पण योजनेचा आत्मा तोच राहिला आहे. कामगाराच्या वेतनाचा पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के, एवढी वर्गणी पडते. धडधाकट तरुणाचा पाऊण टक्का आणि दमेकऱ्याचा पाऊण टक्का एकच. नोकरीत नाव दाखल झाल्या दिवसापासून कामगाराला व त्याच्या कुटुंबाला औषधोपचार मिळू लागतो.

मग अशा योजनेत कंपनीचे दिवाळे का निघत नाही? कारण येथे कोणाला बाहेर राहण्याची मुभा नाही. निरोगी माणूस हप्ता टाळू शकत नाही, म्हणूनच आजारी माणसाला दारात अडविण्याची गरज उरत नाही. विम्यातील सक्ती आणि विम्यातील औदार्य ही जुळी भावंडे आहेत. एकाला घराबाहेर काढले तर दुसरेही फार दिवस राहत नाही.

या योजनेला वेतनाची मर्यादा आहे. १ जानेवारी २०१७ पासून ती दरमहा २१,००० रुपये आहे. आता परदेशी नागरिकाला नोकरीचा परवाना मिळण्यासाठी, काही अपवाद सोडता, वर्षाला किमान १६ लक्ष २५ हजार रुपये वेतन असावे लागते. म्हणजे महिन्याला सुमारे एक लक्ष पस्तीस हजार. दोन्ही नियम शेजारी ठेवले, की परदेशी तंत्रज्ञ या छत्राखाली येणे शक्य नाही, हे निराळे सांगावयास नको. त्याची कणव करण्याचे कारण नाही. त्याला इतर आधार असतात. खरी फरफट होते ती मर्यादेच्या काठावर उभ्या असलेल्या आपल्याच माणसाची. लातूरहून किंवा चंद्रपूरहून आलेला, वीस हजार पगार घेणारा जोडारी घ्या. त्याच्या बायकोला मूत्रपिंडाचा विकार आहे आणि तिचा उपचार चेन्नईच्या के. के. नगरातील महामंडळाच्या रुग्णालयात चालू आहे. त्याला बढती मिळते, पगार बावीस हजार होतो. चालू सहामाही संपेपर्यंत तो योजनेत राहतो आणि मग बाहेर पडतो. वाढलेले दोन हजार त्याला पेढे वाटावयास पुरतील. ज्या व्याधीला वर्गणीदार म्हणून कोणी नाव ठेवले नव्हते, ती मात्र खुल्या बाजारात पाऊल टाकताच पूर्वव्याधी होते. मालकाने गट-विमा उतरविला असेल तर ठीक. नसेल तर बढतीचे पत्र हातात धरून त्याने काय करावे, याचे उत्तर कोणत्याही नियमपुस्तकात सापडत नाही.

गट-विमा ही मधल्या वर्गाची मोठी शिदोरी. कारखाना आपल्या सर्व नोकरांसाठी एकच पॉलिसी घेतो, आणि बहुतेक मोठ्या कारखान्यांच्या पॉलिसीत पूर्वव्याधीसाठी थांबण्याची अट काढून टाकलेली असते. विमा कंपनी येथे एवढी उदार का होते? माणसे विमा मिळावा म्हणून कारखान्यात जमलेली नसतात, गाड्या बनविण्यासाठी जमलेली असतात. त्यांच्यात आजारी व निरोगी यांचे प्रमाण समाजात असते तसेच असते. किंबहुना कामावर येण्याइतकी प्रकृती सर्वांचीच असते. आडारकरांच्या योजनेतील सक्ती येथे दुसऱ्या वेषात हजर आहे. तथापि या पॉलिसीत नेमके काय आहे, हे नोकराने मागून पाहिल्याशिवाय कळत नाही. काहींत आईवडिलांचा समावेश नसतो. काहींत असतो, पण त्यांच्यापुरता खर्चाचा वाटा नोकराने उचलावयाचा असतो. आणि नोकरी सुटली, की त्या दिवशीच हे छत्र मिटते.

आता उलट दिशेचा प्रवास. ओरगडमला परदेशी येतात, तसे पुण्या-मुंबईचे, नागपूर-कोल्हापूरचे वृद्ध आईबाप मुलांच्या घरी न्यू जर्सीला किंवा लंडनला जातात. अमेरिकेत १ जानेवारी २०१४ पासून कोणत्याही विमा कंपनीला वैयक्तिक आरोग्यविमा देताना जुन्या आजारावरून माणसाला नाकारता येत नाही किंवा अधिक हप्ता लावता येत नाही. पण सहा महिन्यांच्या पाहुण्याला हा कायदा उपयोगी पडत नाही, कारण त्याच्यासाठी निघणारी प्रवास-पॉलिसी त्याच्या कक्षेबाहेर असते. ब्रिटनने वेगळी वाट धरली आहे. दीर्घ मुदतीच्या परवान्यावर राहावयास येणाऱ्याकडून तो देश आरोग्यकर घेतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी तो वर्षाला १,०३५ पौंड आहे. एकदा तो भरला की राष्ट्रीय आरोग्यसेवा जुन्या दुखण्याची पृच्छा करीत नाही. अर्थात पाहुणा म्हणून गेलेल्या आईबापांना ही सोयही नाही. भारतातून घेतलेल्या परदेशप्रवासाच्या पॉलिसीला छत्तीस महिन्यांची वर सांगितलेली मर्यादाही लागू नाही. तेव्हा त्या पॉलिसीत जुन्या आजाराबद्दल काय लिहिले आहे, हे अक्षर न् अक्षर वाचणे भाग आहे.

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२१ रोजी दिलेला एक निर्णय मोलाचा आहे. एक गृहस्थ २००९ साली घरच्या लग्नासाठी अमेरिकेस निघाले. प्रवासाची पॉलिसी घेताना त्यांनी आपल्याला मधुमेह असल्याचे सांगितले होते, आणि कंपनीने वैद्यकीय तपासणी करूनच पॉलिसी दिली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. रक्तवाहिन्यांत तीन नळ्या बसवाव्या लागल्या. कंपनीने दावा फेटाळला. रक्तातील चरबी कमी करणारी गोळी ते घेत होते आणि ती त्यांनी प्रस्तावपत्रात नोंदविली नव्हती, हे एक कारण. मधुमेह आधीपासूनचा होता, हे दुसरे. राष्ट्रीय ग्राहक आयोगातही त्यांना यश आले नाही. न्यायमूर्ती चंद्रचूड आणि न्यायमूर्ती नागरत्ना यांच्या पीठाने मात्र निकाल फिरविला. विमेदाराने आपली प्रकृती सांगितल्यावर आणि ती पारखून कंपनीने पॉलिसी दिल्यावर, त्याच प्रकृतीकडे बोट दाखवून दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मधुमेह्याला ती गोळी प्रतिबंधक म्हणूनही देतात. तेवढ्यावरून दुसरा विकार लपविला असे होत नाही, हेही स्पष्ट केले. बारा वर्षांनी मिळालेल्या या न्यायाचे मोल त्या कुटुंबाला किती वाटले असेल, हा भाग निराळा.

याच न्यायालयाने २००९ साली दुसऱ्या एका दाव्यात कंपनीच्या बाजूने कौल दिला होता. तेथील विमेदाराने मूत्रपिंडाचा गंभीर विकार आणि मधुमेह असताना आपली प्रकृती निकोप असल्याचे लिहून दिले होते. दोन्ही निर्णय एकत्र वाचले म्हणजे सांगणारा आणि लपविणारा यांतील भेद ध्यानात येतो. विम्याच्या करारात विमेदाराची माहिती विमेदारालाच असते, म्हणून कायदा त्याच्याकडून साध्या प्रामाणिकपणाहून अधिक, परम सद्भावाची अपेक्षा करतो. पण व्यवहारात काय होते? प्रस्तावपत्र इंग्रजीत असते. दलाल घाईत असतो. ‘मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का’ या रकान्यांत तो स्वतःच ओळीने ‘नाही’ भरतो आणि खाली सही घेतो. हप्ता थोडा कमी होतो, विक्री सोपी होते. पुढे चार वर्षांनी रुग्णालयात दाखल करून घेणारा निवासी डॉक्टर रुग्णाला विचारतो, साखर कधीपासून? रुग्ण सहज म्हणतो, झाली असतील दहा वर्षे. ते ‘दहा वर्षे’ केसपेपरावर चढतात, तेथून घरी सोडतानाच्या सारांशात जातात, आणि कंपनीच्या मेजावर पोहोचल्यावर त्या दोन शब्दांनी लाखो रुपयांचा दावा कोसळतो. वास्तविक निदान सहा वर्षांपूर्वीचे असेल, अंदाज म्हणून दहा म्हटले गेले असेल. तमिळ डॉक्टर आणि मराठी रुग्ण यांचे संभाषण मोडक्या हिंदी-इंग्रजीत झाले असेल, तर चूक होण्याचा संभव दुप्पट. रुग्णालय सोडण्यापूर्वी तो सारांश वाचून पाहणे आणि चूक असल्यास तेथेच दुरुस्त करून घेणे, हे औषधाची पुडी विसरू नये इतकेच महत्त्वाचे आहे.

रुग्णाच्या पूर्वेतिहासाची नोंद ही वस्तुतः त्याच्या हिताची गोष्ट. याच तमिळ भूमीत, तंजावरला, दुसरे सरफोजी राजे यांनी धन्वंतरी महाल स्थापून औषधांचे प्रयोग चालविले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या देखरेखीखाली झालेल्या नेत्रोपचारांच्या रुग्णवार नोंदी आणि डोळ्यांची रंगीत चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपून ठेवलेली आहेत. आधी काय होते, काय केले आणि मग काय झाले, हे पुढच्या वैद्याला कळावे म्हणून ती लिहिली गेली. त्याच प्रकारच्या नोंदीचे भय आज रुग्णाला वाटावे आणि त्याने आपल्याच डॉक्टरापासून आपले दुखणे चोरावे, याइतका उफराटा प्रकार दुसरा नसेल. भीतीपोटी खोटे सांगणाऱ्याला चुकीचे औषध मिळते. त्या नुकसानीची भरपाई कोणतीच पॉलिसी देत नाही.

ज्याला पुनःपुन्हा मुलूख बदलावा लागतो, त्याने एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे काळाची सलगता. समजा, चाकणहून ओरगडमला आलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या एका अभियंत्याला मधुमेह आहे. कारखान्याच्या गट-विम्यावर संतुष्ट न राहता त्याने स्वतःची एक लहानशी पॉलिसी आधीच घेऊन ठेवली आणि तिच्यात मधुमेह स्वच्छ लिहून दिला, तर तिचे छत्तीस महिने गट-विम्याच्या छायेत निघून जातात आणि त्याला त्यांची झळ लागत नाही. १ ऑक्टोबर २०११ पासून पॉलिसी एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येते, आणि पहिल्या कंपनीकडे काढलेला प्रतीक्षाकाल जेवढ्या रकमेचा विमा होता तेवढ्यापुरता मोजून घेतला जातो. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो, आणि गट-विम्यात काढलेला काळही हिशेबात येतो. मात्र कंपनी अशा वेळी प्रकृतीची पुन्हा छाननी करू शकते, म्हणून ही खटपट राजीनाम्यानंतर करण्यापेक्षा राजीनाम्याआधी केलेली बरी. वार्षिक हप्ता चुकला तर तीस दिवसांची सवलत आहे. त्या मुदतीत हप्ता भरल्यास जमविलेली वर्षे वाया जात नाहीत. मुदत उलटली तर तीन वर्षांचे घड्याळ पुन्हा शून्यावर येते. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील अठरा टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे, तेव्हा अशी दुसरी पॉलिसी बाळगणे पूर्वीपेक्षा थोडे सुसह्य झाले आहे.

त्याच अभियंत्याची सत्तरी ओलांडलेली आई साताऱ्याहून त्याच्याकडे राहावयास आली असेल, तर तिच्यासाठी निराळा मार्ग आहे. आयुष्मान भारत योजना २०१८ साली सुरू झाली आणि २०२४ च्या ऑक्टोबरअखेर तिचा लाभ सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, खुला करण्यात आला. तिच्यात जुन्या आजाराला पहिल्या दिवसापासून जागा आहे, आणि महाराष्ट्रात काढलेले कार्ड तमिळनाडूतील योजनेत सामील असलेल्या रुग्णालयातही चालते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा तसा उपयोग परराज्यात होत नाही. दोन्हींची कार्डे पुष्कळदा एकाच पाकिटात असल्याने हा घोटाळा नेहमी होतो. दावा फेटाळला गेलाच, तर भारतीय कंपनीविरुद्ध विमा लोकपालाकडे जाता येते. त्याची कचेरी चेन्नईत आहे, मुंबईत आहे आणि पुण्यातही आहे. वकील लागत नाही, शुल्क नाही, आणि पन्नास लक्ष रुपयांपर्यंतच्या भरपाईची तक्रार तेथे चालते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून तीस दिवस वाट पाहावी लागते. राहते घर ज्या लोकपालाच्या हद्दीत असेल त्याच्याकडेही अर्ज करता येतो. म्हणून पॉलिसी चाकणला असताना काढलेली असली, तरी ओरगडमच्या माणसाला त्यासाठी पुण्यास हेलपाटा घालण्याचे कारण नाही.